केरसुणी, दिल्ली आणि पाटल्या

डोक्यावरून विमान गेलं की मला ती पाटल्यांची चोरी हटकून आठवते.

नाशिकजवळच्या गावातलं फुलशेती करणारं घर. सासू, विधवा थोरली सून आणि धाकटा मुलगा. धाकटा पहिल्यांदाच विमानाने दिल्लीला निघाला, तेव्हा ओझरच्या विमानतळावर सकाळी त्याला पोहोचवायला अख्खी भावकी हारतुरे घेऊन गेली होती. त्याच संध्याकाळी सासू आरतीला गेलेली, सून मागच्या शेडमध्ये बाजाराचा झेंडू भरत होती. तेवढ्यात कपाटातल्या सासूच्या पाटल्या गेल्या. कुलूप शाबूत. किल्लीची जागा फक्त घरच्यांना ठाऊक.

सासूने ओट्यावर उभं राहून सगळ्या गल्लीसमोर सुनेला चोर म्हटलं आणि घराबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला : "पाटल्या तिच्या माहेरी हायेत, पेठला." आम्ही रीतसर झडती घेतली. काही मिळालं नाही.

धाकट्याचं नाव कोणी घेईना. "त्यो दिल्लीला व्हता साहेब, कसं बोलता!" साक्षीदार खोटं बोलत नव्हते.

सुनेला मी जबाबासाठी बोलावलं. माझी एक सवय होती, चोरीचं आधी विचारायचंच नाही. दिवसभर काय केलं ते विचारायचं. माणूस घरकामात सहसा खोटं बोलत नाही.

"त्या दिवशी सकाळी झाडलोट केली?"

"नाय साहेब. भाऊजी गावाला निघाले ना. पोहोचल्याची खबर येईपर्यंत केरसुणी लावायची नाय, आत्याबाई लय पाळतात."

"मग कधी झाडलं?"

"दुपारचा सैपाक व्हायच्या आत. भाऊजींचा दिल्लीहून फोन आला, मंग आत्याबाईच म्हणल्या, झाड आता."

मी पेन खाली ठेवलं. सैपाकाच्या आत दिल्ली! नाशिक ते दिल्ली हवाई अंतर हजार-अकराशे किलोमीटर, उड्डाण जेमतेम दोन तासांचं. हे कागदावर सगळ्यांना माहीत असतं. पण दिल्ली म्हटलं की आपल्या मनात रेल्वेच चालते : डबे बांधा, दिवस जाऊ द्या, रात्र जाऊ द्या. जेवणाआधी दिल्लीत असलेला माणूस दिवेलागणीला घरी असू शकतो, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

विमान कंपनीकडे खातरजमा केली. स्वारी त्याच दुपारी दिल्लीहून दुसऱ्या विमानाने मुंबईला उतरली होती.

तो दोन दिवसांनी पेठा मिठाईचे डबे घेऊन गावात आला, तेव्हा मी दिल्लीचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "मुंबईहून नाशिकला कशाने आलास रे?"

त्याचा चेहराच उतरला. पाटल्या पॉलिहाऊसमध्ये खताच्या गोण्यांखाली निघाल्या. फोनही त्याचाच. वहिनी चोर ठरून गेली की भावाच्या वाट्याची जमीन आपसूक आपली, असा हिशेब. संताप आला मला. सख्ख्या भावाची बायको ती!

साक्षीदार खरं बोलतो म्हणून त्याचा निष्कर्षही खरा असतो असं नाही, हे त्या प्रकरणाने मला शिकवलं. त्याने काय पाहिलं आणि त्यावरून तो काय धरून चालला, हे दोन्ही वेगळं लिहायला मी नव्या पोरांना पुढे सांगत आलो.

सासू ठाण्यात आली. रडत सुनेचा हात धरला. "चुकले गं बाई. तू चोर नाय. चल घरी."

सुनेने हात सोडवला नाही, पण जागची हललीही नाही.

"हितं नको आत्याबाई. ओट्यावर म्हणा. समद्या गल्लीसमोर."

म्हातारी उठली, डोळे पुसले, आणि ओट्यावर जाऊन तेच म्हणाली.