मिसरातली लाकडं

अक्षर वाईट आहे, ते आधीच सांगते. चौथी झाली आणि पाटी सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व की दीर्घ हे जिथं कळत नाही तिथं मी शाईचा ठिपका जरा मोठा पाडते. कुणी वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात. बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

माझं माहेर तीर्थपुरीचं. वडिलांचे थोरले भाऊ पलटणीत घोडेस्वार होते. त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो, पण मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधी मोठी लढाई झाली, तेव्हा ते समुद्रापलीकडं मिसरात गेले आणि तिकडंच संपले. पाटलाकडं निरोप आला तो एवढाच. कसे गेले, कुठं गेले, काही नाही. त्यांची बायको ती माझी मोठीआई. तिला मूल नव्हतं. मला तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं.

पितृपंधरवड्यात हत्यारानं मेलेल्या माणसांचं पान चौदसीला वाढतात. लढाईत गेले म्हणजे हत्यारानंच गेले, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या दिवशी चार माणसं जेवायला येत आणि वडील त्यांना भावाच्या तलवारीचं सांगत. दर वर्षी त्यात दुश्मन थोडे वाढत. मोठीआई आत वडे तळता तळता ऐके. मग भांडी घासताना मला हळूच विचारी, “बाई, त्यांना आग मिळाली असंल का गं? का तसंच वाळूत टाकलं?”

मला काय ठाऊक? मी म्हणे, मिळाली असंल. ती मान हलवी आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच विचारी.

लग्न होऊन मी जालन्याला आले. एकदा मी आणि मालक टांग्यातून बाजारात चाललो होतो. टांगेवाला म्हातारा मुसलमान होता आणि त्यानं घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खाकी पट्ट्या गुंडाळल्या होत्या, खालून वर, एकसारख्या. मोठे बाबा रजा संपवून निघायचे तेव्हा अशाच पट्ट्या बांधायचे आणि पट्टीचं दुसरं टोक मोठीआई ताणून धरायची, हे मी तिच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. मी वाटभर त्या पायांकडंच बघत बसले. मालक म्हणाले, बाजार तिकडं आहे, तुझं लक्ष कुठं आहे?

उतरल्यावर मी पदर ओढून घेतला आणि परक्या पुरुषाशी जन्मात पहिल्यांदा बोलले. “चाचा, तुम्ही मिसरात गेल्ते का?”

मालक भाड्याचे पैसे हातात धरून तसेच उभे राहिले.

गेल्तो, चाचा म्हणाले. मी गावाचं नाव सांगितलं, चुलते घोडेस्वार होते म्हणून सांगितलं. चाचांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि विचारलं, “तीर्थपुरीचा? उजव्या कानात बाळी होती, तो?”

मोठे बाबा आणि ते एकाच तंबूत राहत होते.

कापसाच्या गाड्या घेऊन वडील जालन्याला आले तेव्हा मोठीआईही आली. मी निरोप धाडला होता. चाचा आमच्या अंगणात उभे राहिले, ती दाराआड बसली आणि तिनं तेवढं एकच विचारलं.

“दिली, भाभी. बराबर आग दिली. मी तिथंच होतो.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. ना तलवार, ना गोळी. छावणीत ताप आला आणि तापातच गेले. तिकडं झाडं कमी, लाकूड मिळेना. एका शेतकऱ्यानं जुनं झाड पाडलं होतं, ते चाचांनी स्वतःच्या पगारातले सात रुपये देऊन घेतलं. मोठ्या बाबांच्या जातीतल्या एका स्वारानं अग्नी दिला. चाचा घोडे धरून उभे होते. तिथी त्यांना सांगता येईना.

मोठीआई दाराआड रडत होती, पण ते रडणं मला जड वाटलं नाही. वडिलांचा चेहरा मात्र उतरला. घरात आल्यावर ते म्हणाले, पान चौदसीलाच राहू द्या, गावाला काय कळतंय. मोठीआई दिरापुढं कधी बोललेली नव्हती. तेव्हा बोलली.

“भाऊजी, पान एका दिवशी अन् ते दुसऱ्या दिवशी दाराशी. इतकी वर्षं उपाशीच परत गेले असतील की.”

ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांचं पान अमावास्येला वाढतात. पुढच्या पंधरवड्यात मी माहेरीच होते, तेव्हा मोठ्या बाबांना अमावास्येला जेवू घातलं. वडिलांनी तलवारीचं नाव काढलं नाही. लहानपणी ताप आला की भाऊ काढा कसा चुलीमागं ओतून द्यायचा, ते सांगत बसले. सगळे हसले. मोठीआईसुद्धा हसली.

पण लाकडांचे पैसे तिच्या मनात राहिले. वडील देतो म्हणाले, ती नको म्हणाली. लोकांच्या शेतात कापूस वेचून तिनं सात रुपये जमवले आणि गाड्यांबरोबर जालन्याला आली. चाचा म्हणाले, “भाभी, दोस्तीत हिशोब कसला?”

“दोस्ती तुमची. लाकडं त्यांची असू द्या.”

चाचांनी रुपये कपाळाला लावून घेतले. टांग्यातून सोडतो म्हणाले, पण आणखी उपकार नको म्हणून ती गाड्यांच्या अड्ड्यापर्यंत पायीच गेली. आधीच्या वर्षीही अशीच गेली होती.

त्याच्या पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. कापसाच्या अडतीवर तिच्या कानावर काही पडलं होतं. आमच्या राज्यात हाली रुपया चालायचा आणि इंग्रजांचा तो कलदार. कलदार घ्यायचा तर हाली थोडे जास्त मोजावे लागत, त्याला बट्टा म्हणत. तिनं चाचांना विचारलं, तिकडं पगार कशात मिळायचा? चाचा हसायला लागले आणि मग हसायचे थांबले. कलदारात, म्हणाले.

“मंग मी तर हाली दिले.”

तिनं पदराची गाठ सोडली आणि सात रुपयांचा बट्टा त्यांच्या हातावर ठेवला. या खेपेला चाचांनी तो मोजून घेतला, खिशात टाकला आणि म्हणाले, “फिटलं, भाभी. बिलकुल फिटलं.”

मोठीआईनं माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि टांग्यात चढून बसली. भाडं किती, ते तिनं विचारलं नाही.