बीटच्या शेतातले विळे

र्युसेल्सहाइमच्या आमच्या मराठी मंडळात कुणाचं काही हरवलं की पहिला फोन लताताईंना जातो. अंगठी, गाडीची किल्ली, एकदा तर कुणाच्या तरी सासूबाईंची जोडवी. पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्याशा लताताई पायात गमबूट घालून, कानाला हेडफोन लावून हजर होतात. हातात मेटल डिटेक्टर, म्हणजे एक लांब दांडा आणि त्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती. ती चकती जमिनीलगत झुलवत त्या चालू लागल्या की आम्ही आपोआप हळू आवाजात बोलायला लागतो.

त्या मूळच्या कऱ्हाडच्या. यजमान वासुदेवराव गाड्यांच्या ब्रेकचे इंजिनिअर, त्यांच्या नोकरीपायी ही मंडळी वीसेक वर्षांपूर्वी इथे आली. लताताई स्वतः फ्रँकफर्टच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. "आठवडाभर लोकांच्या चुका शोधते गं," त्या मला म्हणतात, "रविवारी तरी काहीतरी बरं शोधावं."

सुरुवात झाली ती मंडळाच्या सहलीत. माइन नदीच्या काठच्या कुरणात त्यांच्या कानातली मोत्याची कुडी पडली. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारणीने, फ्राऊ क्रेमरने, तळघरातून आपल्या दिवंगत नवऱ्याचं डिटेक्टर काढून दिलं. कुडी काही मिळाली नाही, ती आजतागायत नाही. मिळालं एक पितळी बटण, त्यावर झिजलेला मुकुट. फ्राऊ क्रेमरने ते भिंगाखाली धरलं आणि म्हणाली, "दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी शिपायाचं असणार."

त्या संध्याकाळी लताताई ते बटण घेऊन माझ्याकडे आल्या. चहा तसाच निवला.

"मीनल, तो शिपाईही तिथेच वाकून शोधत असेल, नाही? त्याला मिळालं नाही. आणि मी माझी कुडी शोधत बरोबर त्याच जागी वाकले."

मग त्या थांबल्या नाहीत. जर्मनीत मनात आलं म्हणून शेतात खणता येत नाही. पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, शेतकऱ्याचीही लागते आणि नांगर जितका खोल जातो त्याच्याखाली खणायचं नाही, हा मुख्य नियम. लताताईंनी सगळं रीतसर केलं. सापडायची ती बहुतेक बिअरच्या बाटल्यांची बुचं, खिळे, ट्रॅक्टरचे नट. एकदा युद्धातला न फुटलेला बाँबगोळा निघाला तेव्हा पोलिसांनी अर्धी गल्ली रिकामी केली होती. वासुदेवराव थट्टा करायचे, "काय गं, आज कुठलं युग? तांब्याचं की बिअरचं?"

"अहो, हसा. जमीन काही फेकून देत नाही, तुमच्यासारखी."

ग्रोस-गेराऊच्या पुढे हेर, म्हणजे श्रीयुत, डील नावाच्या शेतकऱ्याचं बीटचं शेत आहे. पीक निघालं की तो लताताईंना फोन करतो. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात असाच फोन आला आणि त्या शनिवारी मीही हौसेने बरोबर गेले. ओली, काळी माती, दूरवर पवनचक्क्या, आणि थंडी अशी की बोटं वळेनात. तास-दीड तास नुसतं चालणं. मग बांधाजवळ लताताई थबकल्या. चकती परत फिरवली, आणखी एकदा फिरवली. हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. आत एक स्वच्छ, लांब सूर वाजत होता.

त्यांनी छोट्या फावड्याने मातीचं एक ढेकूळ उचललं. त्यात गंजून हिरवी पडलेली, वाकडी, वीतभर पट्टी होती. मला वाटलं, नळाचा तुकडा. लताताईंनी बोटाने माती सारली आणि खड्ड्यात पाहिलं. तशीच आणखी एक कड दिसत होती. तिच्या खाली आणखी एक.

त्यांनी फावडं बाजूला ठेवलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या.

"काढा ना," मी म्हटलं.

"नाही. आता हात नाही लावायचा. हे कुणीतरी रचून ठेवलंय, मीनल."

त्यांनी खात्याला फोन लावला. तिकडून माणसं येईपर्यंत आम्ही दोघी त्या खड्ड्याशी राखण करत बसलो. वासुदेवराव थर्मास आणि थालीपिठं घेऊन आले. त्यांनी थट्टेसाठी तोंड उघडलं, खड्ड्यात डोकावले आणि बायकोच्या खांद्यावर आपला कोट घातला.

दुपारी पुरातत्त्ववाल्या फ्राऊ हेनिंग दोन मदतनिसांना घेऊन आल्या. चिखलात पोटावर पालथ्या पडून त्या ब्रशने माती झाडत होत्या. हळूहळू आकार उघडे पडले. विळे होते ते. ब्राँझचे, हातभरही नसलेले, एकात एक चंद्रकोरीसारखे बसवलेले, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. वीस-बावीस तरी असावेत.

"किती जुने?" एव्हाना येऊन पोचलेल्या हेर डीलने विचारलं.

"तीन हजार वर्षं. थोडी जास्तच," त्या म्हणाल्या.

हेर डीलने डोक्यावरची टोपी काढली.

"कुणी लपवले असतील?" वासुदेवरावांनी विचारलं.

"असेल. किंवा देवाला दिले असतील. आल्झो, म्हणजे, खरं सांगायचं तर कुणालाच माहीत नाही."

लताताई पुटपुटल्या, "खंडेनवमी." मग त्यांनी जर्मनमध्ये समजावलं, की आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली अवजारं धुऊन-पुसून मांडतात, हळद-कुंकू वाहतात, त्या दिवशी ती वापरत नाहीत. फ्राऊ हेनिंग उठून गुडघ्यांवर बसल्या आणि ऐकत राहिल्या. "हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या. मग तो अख्खा गोळा मातीसकट प्लास्टरमध्ये बांधून त्यांनी नेला.

पुढच्या वसंतात वीसबाडेनच्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. लताताई मलाही घेऊन गेल्या. लांब टेबलावर पांढऱ्या फोमवर विळे ओळीने मांडले होते. साफ केल्यावर हिरव्या रंगाखाली कुठेकुठे सोनेरी झाक दिसत होती. फ्राऊ हेनिंगने दाखवलं, की प्रत्येकाची एक बाजू सपाट आणि दुसऱ्या बाजूला उठावदार कंगोरे आहेत. कंगोरे वर आले की विळा उजव्या हातात बरोबर बसतो. साच्यातून काढल्यानंतर हे फारसे वापरलेलेही नव्हते.

"आणि हा सगळ्यांत वर होता," असं म्हणून त्यांनी शेवटचा विळा पुढे केला. पातं घासून घासून अरुंद झालं होतं. कितीतरी हंगाम कापले असतील त्याने. "याच्यात एक गंमत आहे. हातमोजा घाला आणि धरून बघा."

लताताईंनी हात पुढे केला. डावा. त्या जन्माच्या डावऱ्या, लिहितातही डाव्या हाताने. विळा तळहातावर आला आणि त्यांची बोटं त्याच्याभोवती अशी मिटली, जशी रोजच्या उलथन्याभोवती मिटावीत.

फ्राऊ हेनिंग त्यांच्या हाताकडे बघतच राहिल्या. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या हलकेच म्हणाल्या. "हा एकच डावऱ्या माणसासाठी ओतलेला आहे. याच्यासाठी वेगळा साचा करावा लागला असणार."

लताताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातात विळा असल्याने ते पुसता येत नव्हतं. मी रुमालाने टिपलं.

"कऱ्हाडच्या शाळेत बाई माझ्या डाव्या हातावर पट्टी मारायच्या," त्या मराठीत म्हणाल्या. "आणि इथे, ज्या काळाला धड नावसुद्धा नाही, त्या काळात कुणीतरी कुणाला विचारलं असेल, कुठल्या हाताने कापतोस रे? की कापतेस गं? आणि तिच्यापुरता वेगळा केला. एकटीसाठी."

परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. हिरवी शेतं मागे पळत होती आणि मलाही ती पहिल्यासारखी दिसेनात. किती हात असतील त्यांच्याखाली!

विळे आता गावच्या छोट्या संग्रहालयात आहेत. उद्घाटनाला हेर डील सुटाबुटात आला होता. काचेसमोर तो बराच वेळ उभा राहिला. "माझा आजा, पणजा, सगळे याच्यावरूनच चालले," तो लताताईंना म्हणाला. "मीसुद्धा. रोज."

गेल्या शरदात बीट निघालं, फोन आला, आणि आम्ही पुन्हा त्या शेतावर गेलो. धुकं होतं. लताताईंनी बांध ओलांडण्याआधी वाकून मातीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

"काही पडलं का तुमचं?" हेर डीलने ट्रॅक्टरवरून विचारलं.

"नाही, नाही," लताताई म्हणाल्या, हेडफोन कानावर चढवला आणि चकती झुलवत धुक्यात चालू लागल्या.