चोरलेला सताप

ल्यूर डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या ओनोरीनने आयुष्यात एकच चोरी केली, पण ती सलग चाळीस वर्षं, दर जूनला. शेजारच्या सिप्रियाँच्या दगडी गडग्यावरून हात घालून ती उग्र वासाच्या सतापाच्या चार फांद्या कापायची. 'चार चोरांचा शिरका' म्हणतात त्या औषधी व्हिनेगरला सताप हवाच. प्लेगच्या दिवसांत हाच शिरका अंगाला चोळून चार चोरांनी म्हणे मेलेल्यांची घरं लुटली आणि त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. गावात कुणी तापाने पडलं, की ओनोरीन हातांना तो चोळून उशाशी बसायला जाई.

कुणी दिलेला सताप जगत नाही, तो चोरावाच लागतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. सिप्रियाँलाही ते ठाऊक होतं. ती आली की तो खिडकीआड खोकायचा आणि पाठ फिरवायचा. विशीत दोघांचं लग्न ठरत आलं होतं, ते त्याच्या आईने मोडलं. त्याने दुसरीशी संसार केला, तीही गेली. ओनोरीन तशीच राहिली. त्या एका खोकल्यावर तिचं वर्ष निघायचं. दोघांची अळीमिळी गुपचिळी.

यंदा तो तिच्या दारात आला, हातात मुळासकट सताप.

"मुलगा मला नीस शहरात घेऊन चाललाय. घर विकलं. हे तुला."

ओनोरीनने हात मागे घेतले. म्हणाली, "गाढवा, दिलेला सताप जगलाय का कधी? ठेव जा परत."

"सत्तरी आली, अजून चोऱ्याच करणार?"

"तू खोकायचं तेवढं बघ."

त्याने रोप गडग्यावर ठेवलं, आपल्या घरात गेला आणि खिडकीआड खोकला. तिने रोप उचललं. या खेपेला त्याने पाठ फिरवली नाही. तीही जागची हलली नाही.  मग रोप छातीशी धरून ती घरी वळली.

सिप्रियाँ नीसला गेला; इकडे तिच्या कुंडीत रोप फोफावलं. चोरलेलंच होतं ना! पुढच्या जूनला शिरक्याची बरणी उन्हात वाळवून, लसूण सोलून ओनोरीन कात्री घेऊन आपल्याच कुंडीपुढे उभी राहिली. फांदी हातात धरली, पण कापवेना.

पलीकडून कुणी खोकतंय का, याची ती वाट बघत होती.