कुणाचं तोंड हुंगलं

पंचाहत्तर सालच्या आसपास मी कोल्हापूरच्या कोर्टात कारकून होतो. दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला आला, की आरोपीच्या आधीच्या शिक्षा शोधून कागदांना जोडायचं काम माझं. बहुतेकांची काही ना काही जुनी शिक्षा निघायचीच. शिवाजी पेठेतल्या कट्ट्यावर मी ऐटीत सांगायचो, "पिऊन गाडी हाणणारी माणसं वेगळीच असत्यात. आपल्यातलं कोण तसं करत न्हाय."

एका रविवारी दुपारी कागल रस्त्याला मित्राच्या मळ्यात मटणाची पार्टी होती. भांडी घेऊन एक टेम्पोवाला आला होता. मारामारीत वर्षभर आत जाऊन आलेला. सुटल्यापासून त्यानं दारू सोडली होती, आणि सगळं घर त्या टेम्पोवर चालत होतं. हे ठाऊक असूनही मी ग्लास पुढं केला.

"नगं सायब, गाडी हाय," तो म्हणाला.

"आमच्या हातचं नाकारतोस व्हय? एकच घे की."

आमच्याकडं आग्रह मोडणं म्हणजे माणसाचा अपमान, त्यात मी कोर्टातला. त्यानं मुकाट्यानं ग्लास रिकामा केला. माझे तोवर चार झाले होते.

उन्हं कलताना निघालो. पुढं टेम्पो, मागं माझी स्कूटर. नाक्यावर हवालदारानं दोघांनाही थांबवलं. टेम्पोवाल्याला त्यानं ओळखलं, तोंड हुंगलं आणि खाली उतरवलं. ओळखलं मलाही. "कोर्टातलं सायब न्हवं? जावा सावकाश." त्याला मीच पाजली, एवढं तरी सांगायला हवं होतं. पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं. मी स्कूटरला किक मारली.

खटला आमच्याकडंच आला. त्याची जुनी शिक्षा मी शोधली, माझ्याच अक्षरात लिहून जोडली. ज्यांची तोंडं हुंगली जातात, त्यांचेच कागद आपल्यापुढं येतात, ही साधी गोष्ट तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरली. शरम वाटली, तरी त्याला मीच पाजली हे कोर्टात सांगितलं नाही. त्याचं लायसन गेलं.

निकालानंतर तो माझ्या टेबलापाशी थांबला. आता हा चारचौघांत माझी अब्रू काढणार, असं वाटून मी कागदात डोकं घातलं.

"सायब, नाक्यावरनं जाताना तुमची स्कूटर लई हालत हुती," तो हळू आवाजात म्हणाला. "मला घोर लागलता. नीट पोचलासा न्हवं घरी?"

"व्हय," मी म्हणालो, आणि पुढचा कागद ओढला.