शेवटच्या दोन खुर्च्या

'रिकाम्या जागा भरा' अशी पत्रकं मी चौकाचौकात वाटत होते, आणि औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या अभ्यासिकेत पोरं कागदावरच्या खुर्च्या भरत बसलेली असायची. सहा मित्र गोल टेबलाभोवती बसले आहेत, अ च्या समोर ड आहे, तर इ च्या समोर कोण? मला या प्रश्नांचा संताप यायचा. सरकारी कार्यालयात टेबलामागं माणूस सापडत नाही, आणि हे आम्हाला विचारतायत टेबलाभोवती कोण बसलंय. हे वाक्य मी पत्रकात छापलंही होतं. लोकांनी स्टेटसला ठेवलं. परीक्षा मीही देत होते, पण मोर्च्यातून वेळ उरला तर.

मग मी ताईला कोडं सोडवताना पाहिलं.

ताई म्हणजे माझ्या खोलीतली जोडीदारीण. गंगापूरकडची, माझ्याहून बरीच मोठी. अख्खी अभ्यासिका तिला ताईच म्हणायची. कोडं समोर आलं की ती मनगटातली बांगडी काढायची, कागदावर ठेवायची आणि तिच्याभोवती पेन्सिल फिरवायची. झालं गोल टेबल. मग वाक्यं वाचायची, पण आमच्यासारखी वरून खाली नाही. आधी 'नाही'वाली. ब हा इ च्या शेजारी नाही, असली. बाकीचे अशी वाक्यं शेवटाला ठेवतात, त्यातून हाती काही लागत नाही म्हणून. ताई म्हणायची, "कोण कुठं नाय हे आधी कळू दे. निम्मी गर्दी तिथंच कमी होते."

जे असू शकतं ते पेन्सिलनं. जे तसंच असलं पाहिजे, ते पेनानं. कित्येकदा कागदभर पेन्सिलच असायची आणि पेनाचं एकच अक्षर.

"पेन कधी उचलायचा?" मी एकदा विचारलं.

"दुसरा रस्ता बंद झाला की."

"आणि बंद झालाय हे कसं कळतं?"

"त्या रस्त्यानं जाऊन बघायचं. भिंत लागली की माघारी यायचं. न जाता बंद आहे म्हणायचं नाय."

मी भाषणं ऐकत वाढलेय. छातीठोक बोलणारी माणसं मला पायलीला पन्नास भेटली आहेत, त्यातली एक मीच. स्वतःच्या डोक्यावर इतक्या शांतपणे अविश्वास दाखवणारं माणूस मात्र मी तोवर पाहिलं नव्हतं. हातातलं पत्रक बाजूला ठेवून मी तिच्या कागदाकडं बघत बसायला लागले.

अशात एक भरती निघाली. ताईची वयोमर्यादा त्याच वर्षी संपत होती. या यादीत नाव आलं तर आलं, नाहीतर सरकारी नोकरीचं दार कायमचं बंद. हे तिनं मला एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता, आणि पुन्हा विषय काढला नाही.

पेपर झाला. काही दिवसांनी उत्तरतालिका आली आणि बुद्धिमत्तेच्या एका प्रश्नावर अभ्यासिका पेटली. प्रश्न सहा मित्रांचाच. इ च्या समोर कोण? आमच्या जवळजवळ सगळ्यांचं उत्तर ब होतं. तालिकेत फ. ताईनंही ब लिहिलं होतं, आणि तिच्या अंदाजानं तेवढा एक गुण तिला यादीच्या आत किंवा बाहेर ठेवणार होता.

मी पेटून उठले नसते तरच नवल. संध्याकाळपर्यंत पत्रक छापून आणलं. 'ज्यांना सहा माणसं नीट बसवता येत नाहीत, ते राज्य काय चालवणार?' गठ्ठा जिन्याखाली ठेवला, सकाळी वाटायचा होता.

फ लिहिणारी आमच्यात एकच होती, करमाडची एक अबोल मुलगी. पडेगावहून येणारा एकजण, ज्याला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो आणि ज्याला गप्प बसणं म्हणजे शिक्षा वाटायची, तो तिला म्हणाला, "तुझी बाबा डायरेक्ट पेपर काढणाऱ्याशीच सेटिंग दिसते." ती पुस्तकात डोकं घालून बसली.

ताईनं माझ्या हातातलं पत्रक वाचलं. घडी घातली.

"उद्या वाट. आधी खुर्च्या लाव."

"कसल्या खुर्च्या?"

"अंगणात. सहा. गोल."

प्लास्टिकच्या सहा खुर्च्या लागल्या. ताईनं अक्षरं लिहून चिठ्ठ्या आमच्या छातीवर टाचल्या. मी अ. समोर पडेगावचा भाऊ, ड. "मला ड कशाला, मी काय दगड?" म्हणत बसला. इ माझ्या लगेच डावीकडे, असं प्रश्नात होतं, म्हणून तिथं एक पोरगा बसला. ड च्या शेजारी क, इ च्या बाजूनं. चार जण बसले. शेवटच्या दोन खुर्च्या लागून लागून उरल्या. उरलेली अक्षरंही दोन. ब ची चिठ्ठी ताईनं स्वतःला लावली, फ ची करमाडच्या मुलीला दिली. प्रश्नात दोघांबद्दल दोनच गोष्टी होत्या: ब हा इ च्या शेजारी नाही, आणि फ हा ब च्या शेजारी आहे. क ला ड च्या पलीकडं बसवलं असतं तर या दोन्ही एकदम जुळल्याच नसत्या.

ताई इ च्या समोरच्या खुर्चीत बसली, ती मुलगी तिच्या बाजूला, माझ्या लगत. "हे आपलं उत्तर. कुणाची तक्रार?"

कुणाचीच नव्हती. भाऊ म्हणाला, "मिटलं की मग. आपलं बरोबर. वाटा पत्रकं."

"आपलं बरोबर आहे," ताई म्हणाली. "पण म्हणून त्यांचं चूक कसं?"

ती उठली. "ऊठ गं. माझ्या जागेवर बस." दोघींनी खुर्च्या बदलल्या. मग ताईनं प्रश्नपत्रिका हातात घेतली आणि एकेकाला विचारत गेली.

"अ, तुझ्यासमोर ड आहे?"

"आहे," मी म्हणाले.

"इ तुझ्या डावीकडंच आहे?"

"आहे."

"क, तू ड च्या शेजारी?"

"हो ताई."

"मी ब. मी इ च्या शेजारी आहे?"

"नाय," भाऊचा आवाज जरा उतरला होता.

"आणि फ माझ्या शेजारी आहे?"

"व्हय," करमाडची मुलगी म्हणाली. दिवसभरात तिचा पहिला शब्द. ती बरोबर इ च्या समोर बसलेली होती.

 दोन्ही बैठका चालत होत्या. क्लासमध्ये आम्हा सगळ्यांना एकच युक्ती घोटून घेतलेली: शेवटी उरलेल्या जागा घड्याळाच्या दिशेनं भरत जा, नाव आधी आलं तो आधी. म्हणून सगळ्यांचा ब एकाच खुर्चीत. पेपर काढणारा बहुधा उलट्या बाजूनं आला आणि त्याला फ भेटला. एक रस्ता सापडला की दोन्हीकडचे थांबले होते.

भाऊनं चिठ्ठी काढता काढता हळूच म्हटलं, "ताई, आपण ब म्हणूनच हरकत घेऊ ना. दुसरं त्यांचं त्यांना सापडू दे."

"नाय सापडलं तर?"

"तर तुमचा मार्क."

"आणि हिचा जाईल." ताईनं मुलीकडं बोट केलं. "हिनं काय चूक केलंय?"

भाऊ चहा सांगून आला. थोड्या वेळानं त्या मुलीपुढं चहाचा कप सरकवून म्हणाला, "सेटिंगचं मी उगीच बोललो."

ताईनं हरकतीत दोन वर्तुळं काढून जोडली, बांगडी ठेवूनच, आणि मागणी लिहिली: प्रश्न रद्द करावा. रद्द झाला की गुण सगळ्यांना मिळणार, आणि कट-ऑफही तेवढाच वर सरकणार. म्हणजे तिच्या पदरात शून्य. हे मला कळत होतं तर तिला कळत नव्हतं होय? मी चिडून विचारलं, "तुला काय मिळालं यातून?"

"पेपरात मीच घाईनं पेन उचलला," ती म्हणाली. "आता परत उचलू का?"

माझ्या गठ्ठ्याच्या कोऱ्या बाजू अभ्यासिकेत कच्च्या कामाला गेल्या. मी नवं पत्रक लिहिलं: 'उत्तरं दोन बरोबर, मग गुण एकालाच का?' खाली राज्य चालवण्याचं जुनं वाक्य ठेवलंच होतं, ते ताईनं वाचून खोडलं. ते मी परत घातलं. दोन बरोबर उत्तरांचा प्रश्न छापणाऱ्यांना सहा माणसं बसवता आली, असं मी आजही म्हणणार नाही.

प्रश्न रद्द झाला. पुढं यादी आली, तेव्हा आम्ही दोघी गच्चीवर टाकीत पाणी चढतंय का बघत उभ्या होतो. ताईनं मोबाईलवर यादी उघडली आणि वरून खाली अंगठा सरकवत गेली. करमाडच्या मुलीचं नाव आलं तेव्हा थांबली, हसली, "बघ, आहे," म्हणाली. मग शेवटपर्यंत गेली. तिचं नाव नव्हतं.

मी आयोगापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना शिव्या द्यायला तोंड उघडलं. तिनं हातानंच थांबवलं.

"थांब. खालून पण बघू दे."

आणि ती खालून वर निघाली, तितक्याच सावकाश, एकेका नावावर थांबत. मी तिच्या अंगठ्याकडं बघत होते. पहिल्या नावापाशी पोचल्यावर तिनं मोबाईल बंद केला.

"नाय," ती म्हणाली. "आता पेनानं लिही."