रायफलला एक इंच माया

रायफलचा दस्ता निळा घ्यायचा हे मी पक्कं केलं तेव्हा बोल्ट कशाला म्हणतात हेही मला धड माहीत नव्हतं. तेव्हा मी तरुण होते, अवघी छप्पन्न वर्षांची. त्या वयात बाईला वाटतं, आपल्याला सगळं कळतं. आता एकोणसत्तराव्या वर्षी मला त्या बाईची मजा वाटते, आणि नातीसमोर तिची बाजू घ्यावी लागते तेव्हा थोडी लाजही.

इथं परदेशात, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत मी नोकरी करत होते. ऑफिसची सहल म्हणून आम्हाला नेमबाजीच्या क्लबात नेलं. बाकीचे बंदूक धरून फोटो काढत होते आणि माझ्या गोळ्या निमूटपणे एकाच जागी लागत होत्या. सगळे थक्क झाले, मी नाही. वीस वर्षं मीटिंगांमध्ये चेहऱ्यावरची रेष न हलवता, श्वास धरून बसले होते. ते कुठंतरी कामी येणारच होतं. मी क्लबची सभासद झाले आणि दर शनिवारी जायला लागले. आम्ही राहत होतो त्या बिशानच्या मराठी मंडळींना वाटायचं, मी योगाला जाते. मी तसं वाटू दिलं.

दोनेक वर्षांनी आमच्या कोचने मला बाजूला घेतलं. ही पस्तिशीची मलय बाई, आवाज साखरेचा आणि बोलणं कारल्याचं. म्हणाली, "आंटी, महिलांच्या संघात तिसरी जागा रिकामी आहे. हात तुमचा चांगला आहे. पण क्लबची रायफल उंच माणसाच्या मापाची आहे. तिच्याशी कुस्ती करत तुम्ही निवडीत येणार नाही. मापाची करून घ्या. निवडीला दहा महिने आहेत."

मला ती तिसरी जागा हवी होती. किती हवी होती ते मी कुणाला सांगितलं नाही. शाळेत खो-खोच्या वेळी मला मुलींच्या चपला सांभाळायला बसवत. त्यानंतरही कुठल्या संघात माझं नाव कधी लागलं नव्हतं.

रायफलींची जुळवाजुळव आणि दुरुस्ती करणारे एक चिनी गृहस्थ क्लबच्या मागच्या खोलीत बसत. सगळे त्यांना अंकल म्हणत. ते माझ्याहून चार वर्षांनी लहान होते आणि मला आंटी म्हणत, त्यामुळे आमचं बरोबरीचं नातं होतं. इथं स्वतःची रायफल म्हणजे अर्ज, परवाने, पोलिसांची मंजुरी, आणि एवढं करूनही ती राहणार क्लबच्याच कुलुपात. त्या कागदांचं सगळं अंकल बघणार होते. मी फक्त भाग निवडायचे.

मी पिशवीतून निळ्या दस्त्याचं छापील चित्र काढलं. खांद्याला टेकवायचा तो भाग, लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला, मोरपंखी निळा, मधून काळ्या रेघा. माझ्याकडे त्याच रंगाची पैठणी होती.

अंकलनी चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं. "बोल्ट कुठला?"

"तो तुम्ही ठरवा. मला हा रंग हवाय."

"आंटी, तुम्ही लग्नाची साडी आणलीय. नवरा कुठाय?"

मग त्यांनी एक बोल्ट माझ्या हातात दिला. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीचा हुशार भाऊ. प्रत्येक गोळीला तो मागं ओढायचा, गोळी घालायची, पुढं सारायचा, दाबून बंद करायचा. तो ज्या घरात सरकतो तेच रायफलचं पोट. ते आधी ठरतं, आणि नळी, चाप, दस्ता सगळं त्याला जुळवून. अंकलनी मला तीन बोल्ट डोळे मिटून सरकवायला लावले. पहिला खरखरला. दुसरा इतका गुळगुळीत होता की त्याच्यावर विश्वासच बसेना. तिसरा सरकला आणि बंद होताना एक बारीकसा आवाज झाला, डब्याचं झाकण नीट बसल्यावर होतो तसा. "हा," मी म्हटलं. अंकल पहिल्यांदा हसले.

नळीच्या बाबतीत आमच्या ह्यांनी लक्ष घातलं. हे निवृत्त इंजिनिअर. घरात फ्रिज घ्यायचा तर ह्यांचा अभ्यास पावणेदोन वर्षं चालतो. ह्यांनी तक्ता करून जाहीर केलं की सगळ्यात लांब आणि सगळ्यात जाड नळीच सर्वोत्तम. मी तो तक्ता अंकलना अभिमानाने दाखवला. त्यांनी दीड लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या रायफल पुढून पेलतो त्या माझ्या हातात दिल्या आणि घड्याळ लावलं. पहिल्या मिनिटाला मी हसत होते. दुसऱ्या मिनिटाला बाटल्यांतलं पाणी समुद्रासारखं हलायला लागलं.

"मला जमतंय," ती छप्पन्न वर्षांची हट्टी बाई म्हणाली.

"तुम्हाला जमतंय," अंकल म्हणाले, "पण पाणी घाबरलंय." आणि त्यांनी मधल्या लांबीची, सडपातळ नळी लिहून टाकली.

चाप मात्र मी शहाण्यासारखा निवडला. एक होता तो नुसत्या स्पर्शाने सुटायचा, माझा विचार पूर्ण व्हायच्या आत ह्याचा निकाल तयार. मी दोन टप्प्यांचा घेतला. आधी थोडा मागं येतो, मग थांबतो, आणि जणू विचारतो, नक्की ना?

राहिला दस्ता. अंकल म्हणाले, मागं-पुढं होणारा घ्या, हवा तसा बसवता येतो. तो मी पाहिला. सगळीकडे स्क्रू आणि दांडे, हॉस्पिटलच्या खाटेसारखा. मी म्हटलं, मला तो निळाच हवा, अखंड. अंकलनी हात वर केले. "मग मापं बरोबर द्या हं. तो करणारा युरोपात बसलाय, तुम्हाला बघणार नाहीये."

फॉर्म घरी आणला. कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत, पंजाचा घेर, मानेची उंची. मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि ह्यांच्यापुढं हात दुमडून उभी राहिले.

"साडेबारा इंच," हे म्हणाले.

"साडेतेरा लिहा."

"अगं, पण साडेबारा आहे."

"एक इंच माया धरा."

"लाकडाला माया?"

"मापाला माया नको? तुम्हाला काय कळतंय शिवणातलं."

ह्यांना शिवणातलं खरंच काही कळत नाही, त्यामुळे ह्यांनी निमूटपणे सगळ्याच आकड्यांत माया धरली. बाराव्या वर्षापासून माझ्या प्रत्येक झग्यात, प्रत्येक ब्लाउजमध्ये शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवलेलं असायचं. अंग वाढलं की उसवायचं. कुठल्याही शिंप्याला मी खरं माप कधी दिलं नव्हतं, आणि दिलं असतं तर त्यानेही मानलं नसतं. युरोपातल्या त्या सज्जन माणसाने मात्र मानलं.

आठ महिन्यांनी सगळे भाग आले. अंकलनी आठवडाभर खपून जोडणी केली. रायफल टेबलावर ठेवली तेव्हा मी हात रुमालाला पुसूनच तिला शिवले, इतकी देखणी. मग मी ती खांद्याला लावली. बोटाचं टोक चापापर्यंत जेमतेम पोचत होतं आणि डोळा मागच्या दुर्बिणीसारख्या भोकापर्यंत न्यायला मला कासवासारखी मान काढावी लागत होती.

"कशी आहे?" अंकलनी विचारलं.

"एकदम मापाची," मी म्हटलं.

हे मी का म्हटलं ते विचारू नका. त्या बाईला विचारायला हवं, आणि ती कधी सरळ उत्तर द्यायची नाही. सहा आठवडे मी कासव होऊन नेम मारला. सवय होईल, असं स्वतःला सांगत. मान अवघडायची, गोळ्या डावीकडे जायच्या, घरी हे वेदनाशामक मलम चोळत. निवडीला आठ दिवस राहिले तेव्हा कोच माझी कागदाची चकती हातात धरून म्हणाली, "आंटी, क्लबच्या रायफलवर तुम्ही बऱ्या होतात. चौथ्या मुलीला मी तयारीत राहायला सांगितलंय."

मी रायफल घेऊन मागच्या खोलीत गेले, दार लावलं आणि अंकलना टेपपासून सगळं सांगितलं. माया या शब्दापाशी माझं इंग्रजी संपलं. कापडाचा जादा भाग, आत ठेवतात, पुढं लागला तर, असं काहीतरी मी म्हणाले.

अंकलनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "यू स्टिल ग्रोइंग, आह?"

मला हसू आलं आणि त्याच्या आडून रडूही आलं. दोन्ही त्यांनी न पाहिल्यासारखं केलं. माझा हात दुमडायला लावून त्यांनी स्वतः मोजलं. साडेबारा. मग निळ्या दस्त्याच्या मागच्या टोकाला पेन्सिलने रेघ मारली आणि करवत काढली.

"लाकूड परत जोडता येत नाही," ते म्हणाले. "सांगा."

मोरपंखी रंग, काळ्या रेघा, आठ महिने. मी दस्ता दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि म्हटलं, "कापा."

एक इंच निळं लाकूड खाली पडलं. त्यांनी मुठीची जागाही कानशीने उतरवली, टोकाला रबराची पट्टी बसवली. कापलेल्या कडेला रंग द्यायला वेळच नव्हता. मी खांद्याला लावली. मान जागेवर, डोळा जागेवर, बोटाचं पेर बरोबर चापावर. एवढी वर्षं वस्तूंमध्ये मावायचा मी प्रयत्न करत आले होते, आणि ही एक माझ्यात मावत होती.

निवडीच्या दिवशी बोल्टचा तो बारीकसा आवाज ऐकल्याशिवाय मी चापाला बोट लावलं नाही. शेवटच्या दहा गोळ्यांतली एक वाया गेली, ती माझ्या भित्रेपणाने, रायफलचा काही दोष नव्हता. दुपारी कोचने फळ्यावर कागद लावला. चौथ्या मुलीचं नाव चौथंच होतं. माझं तिसरं. मी तीनदा वाचलं, मग चष्मा पुसून आणखी एकदा.

"गुरुवारी साडेसातला सराव," कोच म्हणाली. "उशीर नको, आंटी." अभिनंदन वगैरे नाही. संघातल्या माणसाशी बोलतात तसं.

घरी जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, अर्धा डबा रिकामा होता. एका बाईने पिशवी उचलून मला जागा करून दिली. मी म्हटलं, नको, आणि बिशान येईपर्यंत उभीच राहिले, कारण बसून इतका आनंद मला झेपला नसता.