परवान्याच्या फायलीतले पोहे

आमच्या फायलीत जेवढे कागद, तेवढेच किस्से. लग्न पुण्यात झालं, नवरा हॅम्बर्गला. त्यामुळे लग्नाच्या आधारावर मला इथे राहायचा परवाना हवा. आधी तात्पुरता, मग कायमचा. कागदांच्या तीन-तीन प्रती काढाव्या लागतात. किस्सा मात्र सासूबाईंना एकदा फोनवर सांगितला, की संध्याकाळपर्यंत अख्ख्या कोथरूडला पोचतो.

घाई एवढ्यासाठीच, की जानेवारीत धाकट्या बहिणीचं, जुईचं लग्न. परवान्याच्या कार्डाशिवाय गेले तर परत येता येणार नाही. आणि गेलेच नाही, तर जुई जन्मभर बोलणार नाही!

*

परवाना ऑफिसचं पहिलं पत्र आलंच नाही. मी माहेरचं आडनाव ठेवलंय, साने. पत्रपेटीवर फक्त ओंकारचं, लिमये. पोस्टमनने शेरा मारून परत पाठवलं, ‘या पत्त्यावर अशी कुणी राहत नाही.’

तळमजल्यावरच्या फ्राऊ बेहरेन्सना मी म्हटलं, “अहो, मी रोज जिन्यात भेटते ना तुम्हाला?”

“हो, हो. पण पेटीवर नाही भेटत!”

ओंकारने लगेच माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली. संध्याकाळी ती आमच्या दाराखालून आत आली. मागे फ्राऊ बेहरेन्सनी बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘सगळ्या पाट्या एकाच मापाच्या हव्यात.’

सासूबाई म्हणाल्या, “कमाल आहे बाई! आमच्या वेळी तांदळात नाव लिहिलं की झालं!”

*

मग परवाना ऑफिसात लग्नाचे फोटो दाखवायचे. अधिकारी बाई एका फोटोवर थांबल्या. माझा भाऊ ओंकारचा कान पिळत होता.

“हा काय करतोय?”

“प्रथा आहे,” ओंकार उत्साहाने म्हणाला. “बहिणीला नीट सांभाळ, अशी धमकी देतो.”

“धमकी? आणि मग?”

“मग आम्ही त्याला कपडे देतो.”

बाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. आठ दिवसांनी पत्र आलं (पाटी आता मापाची होती). दोघांनी या, लग्न खरं की नुसतं कागदावरचं ते बघायला मुलाखत वेगवेगळी होईल.

*

त्याच आठवड्यात ओंकारच्या ऑफिसची ग्रिल पार्टी. त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारा येन्स, आमच्या घरी कधीही न आलेला, माझा हात हातात घेऊन म्हणाला, “गुरुवारी लिंबू जरा कमी होतं. बाकी अप्रतिम!”

मी रोज सकाळी ओंकारला पोह्यांचा डबा देते. तो रोज रिकामा परत येतो. आणि रोज ओंकारच्या मफलरला स्टेशनवरच्या बेकरीतल्या दालचिनीचा वास येतो.

शुक्रवारी लिंबू वाढवलं.

*

मुलाखतीसाठी ओंकारने एक्सेल केलं! दोनशे ओळी, उत्तरं पाठ करायची. टूथब्रशचा रंग, पलंगाची बाजू, सासऱ्यांचा रक्तगट. ओळ सतरा : ‘नवऱ्याचा नाश्ता – पोहे. बायकोच्या हातचे. प्रचंड आवडतात.’

“प्रचंड?” मी विचारलं.

“गेनाऊ! अगदी!” तो म्हणाला आणि अठराव्या ओळीवर गेला.

*

मुलाखतीला आधी ओंकार आत गेला. बाहेर आला तो कान लाल करून. या वेळी कुणी पिळले नव्हते.

मग मी. टूथब्रश, पलंग, रक्तगट, सगळं पाठ होतं. मग बाईंनी विचारलं, “तुमचे पती नाश्त्याला काय खातात?”

मला सतरावी ओळ आठवली. जुईही आठवली. पण समोर सही केलेला कागद होता, ‘मी खरं तेच सांगेन.’

“पोहे मी देते,” मी म्हणाले. “ते येन्स खातो. नवरा बेकरीत खातो. पण मला हे माहीत आहे, हे त्याला सांगू नका. प्लीज.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आज मला ‘प्लीज, सांगू नका’ म्हणणाऱ्या तुम्ही दुसऱ्या.”

त्यांनी ओंकारला आत बोलावलं. आम्ही शेजारी शेजारी बसलो, शाळेत ऑफिसमध्ये बोलावल्यासारखे. बाई एकेका ओळीवर टिक करत गेल्या. एका जागी थांबल्या.

“हेर लिमये, फ्राऊ साने,” त्या गंभीरपणे म्हणाल्या, “येन्सना माझा नमस्कार सांगा.”

“कोण येन्स?” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

बाईंनी शिक्का उचलला. “आल्झो, म्हणजे हेही जुळलं!”